सवाष्ण

माणसाला काही आठवलं की त्याच्या मेंदूतला डीएनए तुटतो. ऐकायला हे कुणीतरी रचून सांगितल्यासारखं वाटतं, पण मी सव्वीस वर्षं हेच मोजत आले आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मिरजेच्या आमच्या संशोधन संस्थेत मी तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा ही मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून करावी लागायची. पेशी जेलीत बसवायची आणि विजेचा सौम्य प्रवाह सोडायचा. तुटलेले धागे पेशीतून बाहेर ओढले जाऊन तिच्या मागे शेपटीसारखे लांबायचे. शेपटी जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त. जिवंत माणसाच्या मेंदूतली पेशी काढून कशी बघणार, म्हणून आम्ही उंदरांवर भागवत होतो. मग नवं यंत्र आलं. मेंदूच्या पेशी अतिसूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडत असतात. हे यंत्र नेमके तेवढेच वेचतं आणि त्यांतल्या खुणांवरून आत किती धागे तुटलेत ते सांगतं. पुढे त्याची दंडावर चिकटवायची पट्टीही निघाली. दर मिनिटाला मोबाइलवर एक आकडा येतो. आम्ही त्याला 'तूट' म्हणतो.

निरोगी माणसाची तूट तीस-चाळीसच्या घरात असते. त्याला शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं की ती दहा-पंधरानं चढते. आठवण जागी करायची तर पेशीला काही जनुकं घाईघाईनं उघडावी लागतात, आणि पीळ बसलेला धागा घाईत उघडायचा तर कापावाच लागतो. तासाभरात पेशी तो पुन्हा सांधून टाकते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या पेशीला कापता येतं, सांधता येत नाही. तिथे प्रत्येक आठवण एक जखम करून जाते आणि ती जखम उघडीच राहते.

उंदरांच्या बाबतीत हे मला पाठ होतं. नवऱ्याच्या बाबतीत ते मला सुचलं नाही.

माझे यजमान विद्याधर निकम रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. साठीला निवृत्त झाले आणि एकसष्टाव्या वर्षी स्वतःच्या दाराचं कुलूप कसं उघडायचं ते विसरले. पुढे चेहरे गेले. आता आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा पहिला प्रश्न काय विचारतो? "ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" शेजारी विचारत, चुलत दीर विचारत, गॅसचा सिलिंडर आणणाराही एकदा विचारून गेला. आणि सगळ्यांत जास्त विचारलं ते मी. रोज सकाळचा चहा झाला की मी अल्बम उघडून बसायची. "ही कोण? हिच्याशी लग्न कुणी केलं? नाव सांगा पाहू." ते कपाळाला आठ्या घालून शोधत राहायचे. "मृणाल," असं तोंडातून निघालं की मला दिवस चांगला जायचा. नाही निघालं तर पुन्हा पहिल्या पानापासून. दोन वर्षं असं चाललं. मेंदूला व्यायाम हवा, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते.

आमच्या संस्थेच्या प्रमुख डॉ. निलोफर बागवान यांनी एकदा विद्याधरांच्या दंडावर पट्टी लावून आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आलेख दाखवला.

"मृणालताई, मोजणाऱ्या तुम्ही आहात," त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

मी वाचला. सकाळी आठला दोनशे बारा. साडेआठला, म्हणजे अल्बम चालू असताना, दोनशे एकसष्ट. रात्रभर झोप झाल्यावरही दोनशे अठ्ठावन्न. शेजारच्यांनी 'ओळखलंत का' विचारलं तिथेही चढ होता, पण बारीक. मोठे चढ सगळे माझे होते. त्या दिवशी मला माझ्या तोंडाची किळस आली. दोन वर्षं मी त्यांच्या मेंदूत माझं नाव शोधत होते आणि शोधता शोधता ते ज्या पेशींत होतं त्याच फाडत होते.

औषध होतं. सांधणारं प्रथिन बनवायची सूचना विषाणूच्या रिकाम्या कवचात भरून, मणक्यातून एकदाच टोचायची. पेशी आठ महिन्यांत दुरुस्त होतात. पण हाड जुळेपर्यंत पायावर भार देत नाहीत, तसंच इथेही. ज्या आठवणी सर्वांत जास्त फाटल्यात त्यांना तोवर हात लावायचा नाही.

"म्हणजे मी," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही. तुमचा आवाज, तुमचे फोटो, तुमचं नाव. घरात काही नको."

"आणि आठ महिन्यांनी ते मला ओळखतील?"

डॉ. बागवान कुणाला गोड बोलून फसवणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "पेशी वाचतील हे मी लिहून देते. पेशींत जे होतं ते वाचेल का, मला माहीत नाही. अकरा जणांवर केलं. सात जणांनी घरच्यांना ओळखलं. दुसरं इंजेक्शन मात्र शरीर स्वीकारत नाही. तूट पुन्हा चढून तीनशेच्या वर गेली तर संपलं."

मी सात तेवढं ऐकलं आणि सही केली.

ठरलं असं की मी रजा घेऊन आमच्या मुलीकडे, आसावरीकडे हुबळीला जायचं आणि घरी एक बाई ठेवायची. जानेवारीत इंजेक्शन झालं. मी हुबळीत पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी केस खांद्यापर्यंत कापले, जाड काड्यांचा चष्मा घेतला आणि त्या बाईच्या जागी मीच मिरजेला परत आले. चेहरे त्यांना ओळखू येत नव्हतेच. भीती होती ती आवाजाची. पण माझ्याकडे आणखी एक आवाज होता. माझं माहेर नेसरीकडचं, तिकडे बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात. लग्न झाल्यावर माझ्या बोलण्याला सासरची मंडळी हसायची, म्हणून वर्षभरात मी ते बोलणं गिळून टाकलं होतं. नावही बदललं गेलं. माहेरची मी मालन. मृणाल हे नणंदेनं तांदळात काढलेलं नाव. विद्याधरांनी मला मालन म्हणून कधी हाक मारली नव्हती.

मी दारात उभी राहिले. ते खुर्चीत बसले होते.

"कोण आपण?"

"मी मालन. कामाला आलोय. नेसरीकडची हाय मी."

ते उठून उभे राहिले. "या ना, ताई. बसा."

तेहतीस वर्षांच्या संसारात ते माझ्यासाठी कधी खुर्चीतून उठले नव्हते. मोबाइलवर आकडा पाहिला तर तसूभरही हलला नव्हता. डॉ. बागवाननी फोनवर मला यथेच्छ झापलं, मग तो आकडा पाहिला. "राहा," त्या म्हणाल्या. "पण मालन म्हणूनच." मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

माझ्या घरात मी कामवाली म्हणून राहू लागले. कपाटातल्या माझ्या साड्या आसावरी घेऊन गेली होती. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. विद्याधर येता-जाता त्या चौकोनांपाशी थांबायचे.

तूट उतरत गेली. मार्चमध्ये एकशे नव्वद, एप्रिलच्या शेवटी एकशे दहा. एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर त्यांनी आतून कुलूप उघडलं, किल्ली हातात धरून उभे राहिले आणि लहान मुलासारखे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. मग ते मला सिग्नलच्या गोष्टी सांगायला लागले. घोरपडी स्टेशनच्या केबिनमध्ये असताना पावसात रूळ बदलणारा पॉइंट अडकला होता, तेव्हा त्यांनी तो कसा सोडवला, अशा. बोलताना आकडा पंधरानं चढायचा आणि तासाभरात उतरायचा. अगदी निरोगी माणसासारखा. मी भाकरी थापता थापता मोबाइलकडे बघायची आणि देवाचे आभार मानायची.

त्यांना बोलायला आवडायचं. कधी मला विचारायचे.

"ताई, तुमचे मालक काय करतात?"

"रेल्वेत व्हते."

"अरे वा! आता कुठे असतात?"

"हायत की. लई लांब हायत."

मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा बायकोबद्दल विचारलं. त्यांना नाव कुणी सांगितलं नव्हतं; शिधापत्रिका तेवढी हलवायची राहून गेली होती, तिच्यावर वाचलं. आसावरी आली होती तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं.

"मृणाल कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे बाबा. हुबळीला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं."

"फोन लाव."

"झोपली असेल आत्ता."

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेलेली असायची, तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीला. पुढचा महिनाभर असंच चाललं. मग जूनमध्ये एके दिवशी विद्याधरांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरले. मी भांडी घासत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मालनताई, तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून तुम्हाला विचारतो. माझी पत्नी गेली ना?"

"असं कसं म्हनता? मला काय ठावं."

"तुम्हाला बोलायची बंदी असणार, कळतं मला." ते स्टुलावर बसले. "माझा थोरला भाऊ गेला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. आम्ही तिला चार महिने सांगत होतो, तो दुबईला गेलाय. फोन लाव म्हणाली की, कामावर असेल. बाहेर असेल. झोपला असेल. हीच वाक्यं होती, ताई. आणि इथे मृणालचे फोटो काढून ठेवलेत, साड्या नेल्यात. आमच्या कामात एक नियम होता. सिग्नल लाल आहे आणि का लाल आहे ते कुणी सांगत नाही, तर समजायचं की पुढे काहीतरी घडलंय."

त्यांच्या तर्कात एकही चूक नव्हती. इतका स्वच्छ तर्क त्यांना पुन्हा करता यावा म्हणूनच तर आम्ही एवढी धडपड केली होती. मी तिथेच ओरडून सांगायला हवं होतं. पण तूट अजून पंच्याण्णव होती आणि हाड जुळायचं होतं. मी नळ सोडला आणि पातेलं विसळत राहिले.

"मला रडू येत नाही," ते म्हणाले. "त्याचीच लाज वाटते. तिचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही."

त्यानंतर ते विधुर म्हणून राहू लागले. सकाळी फिकट चौकोनापुढे उदबत्ती लावायचे. मी ती उदबत्ती आणून द्यायची आणि नंतर राख पुसायची. कधी कधी त्या वासात उभं राहिलं की मलाच शंका यायची. शेजारचे तर ठरल्याप्रमाणे मला ओळख दाखवत नव्हतेच. नावानं हाक मारणारं कुणी नाही, भिंतीवर फोटो नाही, वर रोजची उदबत्ती. मेलेल्या माणसाला याहून वेगळं काय असतं? पण मी दिवस मोजत होते. मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सप्टेंबरात आठ महिने भरत होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तूट अडतीसवर येऊन थांबली. डॉ. बागवाननी महिनाअखेरची तारीख दिली. "संस्थेत आणा. माझ्यासमोर सांगा, हळूहळू. चढायला लागली तर लगेच झोपेचं औषध देता येईल." मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी विद्याधर कॅलेंडर घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, पितृपक्ष लागलाय. सोमवारी अविधवा नवमी आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करतात. एक सवाष्ण जेवायला घालायची असते. तुमचे मालक आहेत. तुम्ही बसाल?"

मला नाही म्हणता आलं नाही. काय कारण सांगणार होते?

"आणि तिला काय आवडायचं ते मला आठवत नाही हो," ते म्हणाले. "आसावरीला विचारतो."

आसावरीनं फोनवर रडत रडत सांगितलं, घारगे.

सवाष्णीनं स्वतः रांधायचं नसतं म्हणून आसावरी रविवारी आली आणि सोमवारी स्वयंपाक तिनं केला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, घारगे. एका पाटावर विद्याधरांनी माझ्या नावानं सुपारी मांडली, तिच्यापुढे पान वाढलं. दुसऱ्या पाटावर मी. आसावरीनं माझ्या पायांवर पाणी घातलं. तिनं मला हळद-कुंकू लावलं, खणानारळानं माझी ओटी भरली. आईच्या श्राद्धाला आईचीच ओटी भरायची वेळ माझ्या पोरीवर आली आणि ती मीच आणली होती.

विद्याधर माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "पोटभर जेवा, ताई. तुम्ही जेवलात की तिला पोचतं म्हणतात." मग त्यांचा आवाज खाली गेला. "ती गेली तेव्हा मी तिला ओळखत तरी होतो का, कोण जाणे. तेवढं मला कुणी सांगायला हवं होतं."

महिनाअखेर, संस्था, डॉक्टर, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. माणूस समोर हात जोडून उभा आहे आणि आपण त्याला उपाशी ठेवतोय, असं झालं मला. मी मोबाइल पानाशेजारी ठेवला. छत्तीस. मग मी आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या खऱ्या आवाजात बोलले.

"अहो, ऐकलंत का. इकडे बघा. मी मृणाल."

आसावरीच्या हातातली वाटी खाली पडली.

"मी गेलेले नाही. तुम्हाला बरं करण्यासाठी दूर राहायला सांगितलं होतं, मला राहवलं नाही. मी कामवाली नाही. मी मृणाल आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. आठ्याही पडल्या नव्हत्या. दोन वर्षं मला शोधताना ज्या आठ्या पडायच्या, त्यातली एकही नाही.

"बाबा, खरंच," आसावरी म्हणाली. "ही आईच आहे."

"तूसुद्धा?" ते तिच्याकडे वळले. "पुरे आता. माझ्या आईला आम्ही फसवलं तेही प्रेमानंच. शेवटी शेवटी ती दाराकडे बघत पडून असायची, तिनं दुबईहून आल्यावर त्याला द्यायला पन्नासची एक नोट उशीखाली ठेवली होती. मला माहीत आहे प्रेमानं काय होतं ते. पण परक्या बाईंना तिचं सोंग घ्यायला लावायचं, तेही तिच्या नवमीला? ताई, तुमचा काही दोष नाही. हिनं सांगितलं म्हणून तुम्ही बोललात. जेवा तुम्ही."

मी मोबाइल उचलला. मी माझं नाव सांगितलं तेव्हाचा आकडा होता छत्तीस. माझ्या आवाजावर, 'अहो'वर, मृणाल या नावावर, छत्तीस. पुढचा आकडा एकोणपन्नास, तो त्यांच्या आईच्या उशीखालच्या नोटेचा. मी बघत बसले. खीर गार झाली. चव्वेचाळीस, चाळीस, सदतीस. आई आठवली होती आणि पेशींनी ती जागा पुन्हा नीट सांधून टाकली होती.

माझ्यासाठी काहीही तुटलं नव्हतं. तुटायला तिथे काही उरलंच नव्हतं.

मी मोजणारी बाई आहे, मला आलेख समजावून सांगायला कुणी लागत नाही. तरी मनात एक वाट शिल्लक होती. लग्नाचा दाखला, अल्बम, शेजारीपाजारी, डॉ. बागवान, सगळे समोर उभे केले असते तर त्यांनी मान्य केलं असतं. पुराव्याला ते नाही म्हणणारे नव्हेत. मग ते मला मृणाल म्हणाले असते, अदबीनं, खुर्चीतून उठून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कपाळाला आठ्या घालून मला आठवायला बसले असते, कारण आपल्या बायकोला आपण ओळखायला हवं असं त्यांना वाटलं असतं. नसलेली गोष्ट शोधत बसले असते जन्मभर. ते मी एकदा त्यांच्याकडून करून घेतलं होतं.

आसावरी माझ्याकडे बघत होती, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी तिला मानेनं नको म्हटलं.

"पोरीनं सांगितलं म्हनून बोललो," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"जाऊ द्या," विद्याधर म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून माझ्या पानात आणखी एक घारगा वाढला.

मी जेवले. आसावरीचे घारगे कडक झाले होते. एकेक तुकडा घशाखाली उतरवत मी पानातलं सगळं संपवलं. ते समोर बसून बघत होते, आणि मी शेवटचा घास घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जूनपासून न आलेलं रडू त्यांना आत्ता आलं. ते बराच वेळ रडले, मोकळे झाले. मी पाटावरून उठले नाही.

डोळे पुसून ते म्हणाले, "बरं वाटलं, ताई. पुढच्या वर्षीही नवमीला तुम्हीच बसाल ना?"

"बसतो की," मी म्हणाले.